बोलिव्हियाच्या जंगलात सोडवलेल्या प्राण्यांसाठी काम: जायचं असेल तर आधी हे वाचा

पाणवठा

बोलिव्हियात, सोडवून आणलेल्या जंगली प्राण्यांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जायचं आहे, कसं जायचं, काय तयारी लागते, अशी विचारणा विचारपुशीतून सारखी होते आहे. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा इथे एकत्र लिहिते. मी जिथे राहिले त्या केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, धागा कुणा एकाची जाहिरात होऊ नये म्हणून. बोलिव्हियाच्या सखल भागातल्या बहुतेक चांगल्या केंद्रांना यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी हे सांगते: तिथल्या प्राण्याला तुमच्याकडून हवा असतो तो वेळ. सलग, एका जागी राहून, रोज त्याच कामाला दिलेला वेळ. तो हाताशी नसेल तर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. का, ते पुढे येईलच.

हे प्राणी येतात कुठून? बोलिव्हियात जंगली प्राणी पकडणं आणि विकणं यावर १९९० सालापासून सरसकट बंदी आहे. तरी बाजारात पोपट मिळतात, माकडाचं पिल्लू मिळतं. स्पायडर माकडाचं पिल्लू मिळवायचा मार्ग एकच, आईला गोळी घालायची. पिल्लू तिच्या पोटाला चिकटलेलं असतं, ती झाडावरून पडते, त्यात वाचलं तर ते विकायला येतं. या माकडिणीला साधारण तीन वर्षांतून एकदा पिल्लू होतं. म्हणजे एका घरात हौसेने पाळलेल्या एका पिल्लामागे जंगलातली एक मादी आणि तिची पुढची सगळी पिल्लं गेलेली असतात. लहान असतं तोवर घरातले त्याला कडेवर घेऊन फिरतात. वयात आलं की ते चावायला लागतं. मग कमरेला दोरी, अंगणातला खांब, आणि कधीतरी पोलीस किंवा वनखात्याची माणसं येऊन घेऊन जातात, नाहीतर घरचेच केंद्राच्या दारात आणून सोडतात. काही प्राणी सर्कशीतलेही आले. २००९ साली बोलिव्हियाने सर्कशीत कुठलाही प्राणी वापरायला बंदी घातली, जंगली आणि पाळीवही. जगात असं पहिल्यांदाच झालं.

जप्त केलेले प्राणी ठेवायला सरकारकडे पुरेशी जागा नाही, ते काम खाजगी संस्था करतात. त्यातली सगळ्यात जुनी आणि माहितीतली म्हणजे कोमुनिदाद इंती वारा यासी. १९९२ साली सुरू झाली, तानिया बाल्तासार या तिच्या संस्थापकांपैकी एक. १९९६ मध्ये विया तुनारीजवळ माचिया, २००२ मध्ये ग्वारायोस भागात आंबुए आरी, आणि पुढे रुरेनाबाकेच्या बाजूला तिसरं, अशी त्यांची केंद्रं उभी राहिली. कोरोइकोजवळ युंगासच्या डोंगरउतारावर ला सेंदा वेर्दे आहे, तिथे चष्मेवाली अस्वलंही आहेत.

आता दिवस कसा जातो ते. उजाडायच्या आधी उठायचं. खोलीत वीज असेलच असं नाही. स्वयंपाकघरात, म्हणजे प्राण्यांच्या स्वयंपाकघरात, पपई, केळी, युका नावाचा कंद, भोपळा यांचे ढीग असतात आणि भिंतीवर प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे काय, किती, कुठल्या आकाराचे तुकडे ते लिहिलेलं असतं. तुकड्यांचा आकार महत्त्वाचा. सगळे सारखे केले तर दांडगा नर तोंडात दोन आणि हातात चार घेऊन पसार होतो आणि खालच्या क्रमाच्या माद्या उपाशी राहतात. बारीक चिरून लांबलांब पसरलं तर सगळ्यांना शोधावं लागतं आणि सगळ्यांना मिळतं. त्यानंतर पिंजरे घासणं. त्यानंतर पुन्हा खाणं. दुपारी वाळू-सिमेंटची घमेली डोक्यावर घेऊन चिखलातून पिंजऱ्याच्या बांधकामापर्यंत फेऱ्या, किंवा कोयता घेऊन पायवाट साफ करणं, कारण पावसाळ्यात आठवड्यात वाट बुजते. संध्याकाळी परत खाणं, परत घासणं. प्राण्यांशी थेट संबंध येण्याचा वेळ दिवसात फार थोडा, आणि पहिले कित्येक दिवस तोही नाही.

माझ्याकडे एक स्पायडर माकडीण होती. तिच्या कमरेभोवती बोटभर रुंदीचा पट्टा होता जिथे केस उगवलेच नव्हते, कातडी चकचकीत आणि जरा आत गेलेली. दोरी वाढत्या अंगात रुतली होती. या माकडांना हाताला अंगठा नसतो, चार लांब बोटांचा आकडा करून ती फांदी पकडतात, आणि शेपटीच्या टोकाला खालच्या बाजूने केस नसलेली, तळहातासारखी रेषा-रेषांची कातडी असते. ही सुरुवातीला माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मी वाडगा ठेवून लांब गेले की शेपूट मागे टाकून, न बघता, नेमका पपईचा तुकडा उचलायची. बरेच आठवडे तसंच. मग एके सकाळी तोंड माझ्याकडे करून बसली आणि खाल्लं. एवढंच. पण तिथली सांभाळणारी बाई, जिने वर्षानुवर्षं तिला बघितलं होतं, ती हातातलं काम टाकून बघत उभी राहिली होती.

आता वेळेबद्दल म्हटलं ते. आईपासून तोडलेलं, मग माणसांनी लळा लावून नंतर खांबाला बांधलेलं जनावर तुमच्यावर विश्वास टाकतं, आणि दोन आठवड्यांनी तुम्ही विमानात बसता. पुढच्या सोमवारी नवीन चेहरा. वर्षाला असे कितीतरी. काही माकडं खाणं सोडतात, काही स्वतःचे केस उपटतात. म्हणून चांगली केंद्रं कमी मुदतीच्या लोकांना ठरावीक प्राणी देतच नाहीत. माझ्या मते हा नियम सगळीकडे असायला हवा.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

मीनल_क

फार छान लिहिलं आहेस, वाचनखूण साठवली. शेपटीने पपई उचलणारी माकडीण डोळ्यासमोर आली.
मला ऑफिसातून एका वेळी दहा-बारा दिवसांच्या वर रजा मिळत नाही. मनापासून करायची इच्छा आहे. तेवढ्यात जाऊन काहीच उपयोग नाही का?

पाणवठा

मीनल, खरं सांगायचं तर प्राण्यांजवळच्या कामासाठी नाही. पहिला आठवडा वाटा, कुलपांचा क्रम आणि कुणाच्या पिंजऱ्याजवळून जाताना काय करायचं नाही हे शिकण्यातच जातो. त्या काळात तुला शिकवणाऱ्याचं अर्धं काम मागे पडतं. तू निघेपर्यंत ते वसूलच होत नाही.

बांधकामाला किंवा वाटा साफ करायला काही ठिकाणी थोड्या मुदतीची माणसं घेतात, ते विचारून बघ. दुसरं म्हणजे ला सेंदा वेर्देसारख्या ठिकाणी पाहुण्यांना माहितगार बरोबर देऊन केंद्र दाखवतात. ते बघून, तिकिटाचे पैसे आणि वर देणगी देऊन येणं हे अगदी उपयोगाचं आहे. तिसरं, घरबसल्या: तुझं डिझाइनचं काम आहे ना? या संस्थांना अहवाल, माहितीपत्रकं, देणगीदारांची पत्रं करून देणारं माणूस सतत हवं असतं. तिथे तुझे दहा दिवस खरंच मोलाचे ठरतील.

कातळकडा

लेख चांगला आहे, पण एक मूलभूत शंका. ही केंद्रं स्वयंसेवकांकडून पैसे घेतात. म्हणजे श्रम पण आपले, पैसे पण आपले. आणि जे काम स्थानिक माणसाला पगार देऊन करता आलं असतं ते परदेशातून आलेले हौशी लोक करतात. यात स्थानिकांचं काय भलं होतं? प्रामाणिकपणे विचारतो आहे.

पाणवठा

कातळकडा, हा प्रश्न मलाही जायच्या आधी पडला होता. पैशांचं आधी: सरकार प्राणी जप्त करून आणून देतं, बरोबर त्याच्या खाण्याचा खर्च देत नाही. कॅपुचिन माकड पिंजऱ्यात चाळीसहून जास्त वर्षं जगू शकतं. मोठे मकाव पोपट पन्नाशी ओलांडतात. जॅग्वार वीसच्या आसपास, आणि त्याला रोज मांस. एकदा दार उघडून आत घेतलं की पुढची चाळीस वर्षं बांधून घेतलेली. स्वयंसेवकांची फी हा त्या खर्चाचा मोठा आधार आहे.

स्थानिकांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं मला पटतं. मी होते तिथे सांभाळणारे, पशुवैद्य, सुतार बोलिव्हियन होते आणि केंद्राचा खरा कणा तेच होते. पण ते फार कमी होते. जे केंद्र परदेशी माणसांवरच चालतं ते किती कच्च्या पायावर उभं आहे हे २०२० मध्ये दिसलं. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या, येणारे थांबले, फीही थांबली, आणि प्राणी तेवढेच. मूठभर लोकांनी सगळं ओढून नेलं. त्यामुळे केंद्र निवडताना पगारी स्थानिक कर्मचारी किती हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते.

उंबराचं_फूल

कातळकडा यांच्या मुद्द्यात थोडी भर. रोजगार केंद्राच्या आत जितका असतो तितकाच बाहेरही असतो. रोज एवढी फळं, भाज्या, मांस कुठून येतं? आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून. ज्या गावात प्राणी विकून चार पैसे मिळायचे तिथे पपई विकून मिळायला लागले तर फरक पडतो. अर्थात केंद्राने खरेदी जवळच्या गावातून करायला हवी. हेही विचारण्यासारखं आहे.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्य आहे, माकडांवर काम केलेलं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

लोक विचारतात माकडापासून मला काय होईल. उलटं विचारायला हवं. ओठावर ताप उठतो ना, "जर उठते" म्हणतात, तो नागिणीच्या कुळातला विषाणू आपल्याला आठवडाभर त्रास देऊन गप्प बसतो. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेट किंवा रातमाकडासारख्या छोट्या माकडांना तो गेला तर बहुतेकदा जीव घेतो. साधी सर्दी, गोवर, क्षय, सगळं आपल्याकडून त्यांना जातं. म्हणून ओठावर फोड असेल तर त्या दिवशी माकडांच्या बाजूला फिरकायचं नाही, आणि एरवीही मास्क. ज्या केंद्रात क्षयाची तपासणी मागत नाहीत त्यांच्याबद्दल मला शंका येते.

दुसरं आहाराचं. घरात पाळलेली पिल्लं येतात ती बहुतेक वाकलेल्या हाडांची. पाव, दूध, भात खाऊन वाढलेली, आणि घरात कोंडलेली. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना ड जीवनसत्त्व डी-३ या रूपातच नीट लागू पडतं, डी-२ देऊन भागत नाही. ऊन मिळालं तर शरीर ते स्वतः बनवतं, पण खोलीत बांधलेल्या माकडाला ऊन कुठलं? प्यूमा, ऑसेलॉट या रानमांजरांच्या पिल्लांचंही तेच. लोक प्रेमाने नुसतं मांस घालतात, हाडं नाहीत, कॅल्शियम नाही, आणि चार-सहा महिन्यांत उडी मारताना पाय मोडतो. असं जनावर वाचतं, पण जंगलात परत जाण्याजोगं बहुधा राहत नाही.

पाणवठा, तुमच्याकडे विलगीकरणाची पद्धत काय होती?

पाणवठा

डॉक्टर, किती उपयोगाचं लिहिलंत. मनापासून आभार.

नवीन आलेला प्राणी वेगळ्या आवारात, बाकीच्यांच्या नजरेआड आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. त्याच्याकडे जाणारी माणसं ठरलेली, आणि ती इतर कुठल्याही प्राण्याकडे जात नसत. आत-बाहेर करताना गमबूट जंतुनाशकाच्या टबात बुडवायचे, कपडे तिथेच बदलायचे, वाडगे तिथलेच. कंटाळवाणं काम, पण त्यात कुणी ढिलाई केली की पशुवैद्य बाई सगळ्यांसमोर सुनावायच्या, आणि बरोबरच होतं ते.

अनघा७

ताई, गूगलवर शोधलं तर माकड खांद्यावर, स्लॉथ कडेवर, जॅग्वारचं पिल्लू बाटलीने दूध पितंय असे स्वयंसेवकांचे फोटोच फोटो दिसतात. खरं सांगते, ते बघूनच जावंसं वाटलं होतं. ते चुकीचं आहे का? पिल्लाला तर कुणीतरी जवळ घ्यावंच लागत असेल ना?

पाणवठा

पिल्लाला जवळ घ्यावंच लागतं, बरोबर आहे. आईविना पिल्लू उबेशिवाय जगत नाही. पण ते काम एका-दोन ठरलेल्या माणसांचं असतं आणि शक्य तितक्या लवकर त्याला दुसऱ्या माकडांकडे, एखाद्या मोठ्या मादीकडे सोपवायचा प्रयत्न असतो. कित्येकदा मादी खरंच पोटाशी घेते.

फोटोचं मात्र वेगळं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या, वानरवर्गीय प्राण्यांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. माणूस माकडाला हातात धरून आहे, भरवतो आहे असे फोटो टाकूच नका, आणि एकत्र दिसायचंच असेल तर किमान सात मीटर अंतर आणि तोंडावर मास्क, असं त्यात आहे. कारण सरळ आहे. बघणाऱ्याला त्या फोटोमागचं केंद्र दिसत नाही. त्याला दिसतं की माकड गोड असतं, माणसाच्या अंगाखांद्यावर खेळतं, आणि आपल्याकडेही असावं. ज्या बाजारातून ते पिल्लू सुटलं त्याच बाजाराला आपला फोटो गिऱ्हाईक मिळवून देतो.

अनघा, ज्या केंद्राची जाहिरातच अशा फोटोंवर चालते तिथे जाऊ नकोस. आणि जिथे पिल्लं कायमच असतात पण मोठी झालेली जनावरं कुठे दिसत नाहीत, तिथे तर मुळीच नाही.

अनघा७

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. कळलं. धन्यवाद ताई.

रानोमाळ_भटक्या

सगळे प्रतिसाद वाचले. मला न सुटलेलं कोडं: जंगल तर तिथेच आहे, दाराबाहेर. मग सोडून का देत नाहीत? आयुष्यभर पिंजरा म्हणजे एका कैदेतून दुसऱ्या कैदेत.

गुरांचा_डॉक्टर

जप्त केलेल्या प्राण्याचं काय करायचं याबद्दल आययूसीएनने २०१९ मध्ये मार्गदर्शन दिलं आहे. मार्ग तीनच: जंगलात परत, आयुष्यभर सांभाळ, किंवा वेदनारहित मृत्यू. तिन्ही कठीण.

परत सोडायचं तर तो प्राणी मूळ कुठल्या भागातला ते माहीत हवं, तो निरोगी हवा, नाहीतर बाजारातून आणलेला रोग जंगलातल्या कळपात जाईल. त्या जागी त्याच्या जातीचे आधीच असतील तर ते त्याला टिकू देणार नाहीत, आणि कुणीच नसतील तर का नाहीत ते शोधायला हवं. बहुधा शिकारीमुळेच नसतात. माणसाची भीती न उरलेला प्यूमा सोडला तर तो कोंबड्यांच्या खुराड्याशी जाणार आणि गोळी खाणार. जॅग्वारचं तर आणखी अवघड. २०१४ पासून बोलिव्हियातून टपालाने चीनला चाललेले जॅग्वारचे सुळे शेकड्यांनी पकडले गेले आहेत. माणसाला न घाबरणारा जॅग्वार तिथे किती दिवस जगेल?

पाणवठा

डॉक्टरांनी लिहिलं त्याला माझी एकच पुस्ती. "कैद" हा शब्द मलाही सुरुवातीला टोचायचा. तिथे राहिल्यावर माझं मत बनलं ते असं की सगळा फरक त्या आवारात काय आहे यावर पडतो. उंच झाडं आत घेतलेली आहेत का? लपायला जागा आहे का, की प्राणी कायम कुणाच्या तरी नजरेसमोर आहे? आपल्या जातीचं दुसरं कुणी सोबत आहे का? आम्ही बांबूच्या पेरात मध आणि शेंगदाणे भरून तोंडं पाल्याने बंद करायचो. कॅपुचिन ते दगडावर आपटून फोडायचे, सकाळ त्यातच जायची. मांजरवर्गीयांना दालचिनी नाहीतर दुसऱ्या जनावराच्या वासाचं गवत झुडपात लपवून ठेवायचं. जंगलाची बरोबरी याने होत नाही. पण ज्या जनावराने चार वर्षं खांबाभोवती गोल फिरण्यात काढली त्याला सकाळभर काहीतरी शोधायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठीच इतकी माणसं लागतात.

कातळकडा

उत्तरं पटली. अजून एक: प्यूमा-जॅग्वारना दोरी लावून स्वयंसेवक जंगलात फिरवतात असं वाचलं होतं. हे खरं आहे? सुरक्षित आहे?

पाणवठा

खरं आहे. इंती वारा यासीच्या केंद्रांत वर्षानुवर्षं असं केलं जात होतं. आवारं लहान, पैसे नाहीत, आणि जनावराला दिवसभर आत कोंडून ठेवण्यापेक्षा वाटेवर फिरवून आणू या भावनेतून ते सुरू झालं. त्यातून काही प्यूमांचं आयुष्य खरंच बदललं असेल, मी ते नाकारत नाही. पण माझं मत याच्या विरुद्ध आहे. काही आठवड्यांपूर्वी आलेल्या माणसाच्या हातात त्या दोरीचं टोक असणं हे माणसाला धोक्याचं आहेच. जनावरालाही आहे, कारण अपघात झाला तर किंमत शेवटी तेच मोजतं. अभयारण्यांना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे निकषही मोठ्या मांजरांशी थेट संपर्क नको असंच सांगतात. मोठं, झाडांचं आवार आणि दोन दारांची कुलुपं हा उपाय महाग आहे, पण तोच उपाय आहे. देणगी द्यायची तर त्या बांधकामाला द्यावी.

सोनसळी_ऊन

एकटी बाई म्हणून जाणं कसं आहे? आणि तब्येतीचं काय? लसी, डास, पाऊस... आईबाबांना समजावायचं आहे, म्हणून जरा तपशील हवेत. कुठल्या महिन्यात जावं तेही सांग.

पाणवठा

सोनसळी, केंद्राच्या आत मला कधी असुरक्षित वाटलं नाही. स्वयंसेवकांत बायकाच जास्त होत्या. प्रवासात काळजी घ्यायची: कोचाबांबाहून विया तुनारीला त्रुफी, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या गाड्या, दिवसा पकडायच्या. कोचाबांबा अडीच हजार मीटरवर, विया तुनारी तीनशेच्या आसपास, रस्ता घाटाचा आणि पावसात दरडी येतात. सांता क्रूस ते त्रिनिदाद मार्गावर ग्वारायोसकडे जाणाऱ्या बऱ्याच बस रात्रीच्या असतात, मध्यरात्री रस्त्यावर उतरायची वेळ येऊ नये म्हणून केंद्राला आधी कळवून ठेव.

लसी: पिवळ्या तापाची हवीच. बोलिव्हिया त्या यादीत असल्याने परत येताना भारतात उतरल्यावर प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. रेबीजची आधी घ्यायची लस, धनुर्वात, हिपॅटायटिस, हेही डॉक्टरांशी बोल. मलेरियाच्या गोळ्यांचं तू कुठल्या भागात जातेस त्यावरून ते ठरवतील.

डासांपेक्षा मला त्रास दिला तो मारिग्वीने. टाचणीच्या टोकाएवढी काळी माशी, दिवसा चावते, चावलेल्या जागी रक्ताचा ठिपका राहतो आणि दोन दिवस खाज. लांब बाह्या हाच इलाज. वाळूमाशीपासून मात्र खरंच जप. तिच्यामुळे लीशमनियासिस होतो, तिथे त्याला एस्पुंदिया म्हणतात. चावलेल्या जागी न दुखणारी, काठ उचललेली जखम होते आणि ती भरतच नाही. त्याला लस नाही, आणि तिथल्या प्रकारात दुर्लक्ष केलं तर पुढे महिन्या-वर्षांनी नाकाच्या आत पसरू शकतो. परत आल्यावर अशी जखम दिसली तर डॉक्टरांना "मी बोलिव्हियाच्या जंगलात होते" हे आपणहून सांगायचं, नाहीतर त्यांच्या डोक्यात ते येणार नाही. बोरो नावाची अळी कातडीखाली वाढते, डासाच्या अंगावरून तिची अंडी येतात. ऐकून किळस येते, पण ती निघते आणि माणूस बरा होतो.

महिन्यांचं: नोव्हेंबर ते मार्च मुसळधार पाऊस, सगळं ओलं, पुस्तकांना बुरशी. जून-जुलैत दक्षिणेकडून सुरासो येतो, थंड वारा, एका रात्रीत अंगावर शाल घ्यावी लागते. जंगल म्हणजे उकाडा असं समजून लोक गरम कपडे नेत नाहीत, ते ने. ऑगस्ट ते ऑक्टोबर धूर.

रानोमाळ_भटक्या

धूर म्हणजे वणवे? २०१९ च्या बातम्या आठवतात.

पाणवठा

हो. चाकेओ म्हणतात, जमीन साफ करायला कोरड्या दिवसांत आग लावतात, आणि वारा सुटला की ती हाताबाहेर जाते. २०१९ मध्ये बोलिव्हियात पन्नास लाख हेक्टरच्या वर जळलं. २०२४ त्याहून वाईट, एक कोटी हेक्टरच्या वर. सोया आणि गुरांसाठी जमीन मोकळी करणं हे त्यामागचं मोठं कारण.

केंद्राला याचा अर्थ काय तर जुलैपासून सगळे हात आगपट्टे काढायला. आवाराभोवती काही मीटर रुंदीची पट्टी, झुडपं तोडून, पालापाचोळा ओढून, माती उघडी पाडायची. आग खोडांतून कमी आणि त्या पाल्यातून जास्त सरकते. पाठीवर पाण्याचे पंप घेऊन रात्री पट्ट्यावर फेऱ्या. जंगलातले प्राणी पळू शकतात, पिंजऱ्यातले पळू शकत नाहीत, आणि जॅग्वारला उचलून न्यायचं तर भूल द्यावी लागते, पिंजरा लागतो, रस्ता मोकळा लागतो. आणि शेजारी आग विझली तरी काम संपत नाही. भाजलेले मुंगीखाऊ, कासवं, पोरकी पिल्लं आणून द्यायला लोक येतात.

त्या महिन्यांत अंगात ताकद असलेल्या माणसाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तेव्हाच सगळ्यात कमी लोक येतात. ज्यांना दमा वगैरे नाही, त्यांनी याचा विचार करावा.

मीनल_क

मी परत आले. दोन गोष्टी केल्या. एका संस्थेला मेल करून माहितीपत्रकांचं काम मागितलं, त्यांचं उत्तर आलं आहे आणि पहिलं काम मिळालंय. आणि बिनपगारी रजेचं ऑफिसात विचारलंय, पुढच्या वर्षी तीन महिने मिळतील असं दिसतंय. तेव्हा आता नीट विचारते: केंद्र पक्कं करण्याआधी त्यांना काय काय विचारू? स्पॅनिश किती लागेल?

पाणवठा

मीनल, किती बरं वाटलं!

स्पॅनिश आत्तापासून शीक. केंद्रात इंग्रजी चालतं, पण प्राण्यांबद्दलचं सगळं खरं ज्ञान सांभाळणाऱ्या स्थानिक माणसांकडे असतं आणि ते स्पॅनिशमध्ये बोलतात. "आज ही गप्प का आहे" याचं उत्तर तुला त्यांच्याकडूनच मिळेल.

विचारायचं ते असं. गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती दगावले, कशाने? तुमच्याकडे कायमचा पशुवैद्य आहे का? पिल्लं जन्मू देता का? खरं अभयारण्य सहसा देत नाही, नर-माद्या वेगळ्या ठेवतात किंवा शस्त्रक्रिया करतात, कारण पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू म्हणजे आणखी चाळीस वर्षं पिंजरा. प्राणी विकत घेता का? कीव येऊन बाजारातून एक विकत घेतला की विकणारा उद्या दुसरा आणतो. स्वयंसेवकाला कुठल्या प्राण्याजवळ किती दिवसांनी जाऊ देता? फी कशावर खर्च होते? हे विचारलं म्हणून चांगलं केंद्र रागावत नाही, उलट खूश होतं. मला तर दोन पानी उत्तर आलं होतं. जे टाळाटाळ करतील आणि त्याऐवजी फोटो पाठवतील त्यांना सोडून दे.

गुरांचा_डॉक्टर

यात एक घाला: तुमच्याकडे क्षयाचा अहवाल आणि लसींची यादी मागतात का. मागत असतील तर अर्धी परीक्षा तिथेच पास. आणि मीनल, अहवाल निघायच्या महिनाभर आधी काढा, जुना चालत नाही.